भिवाजीचा टेकू

भिवाजीच्या मागे मांजरं लागायची, हे सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण त्याला हसण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे. सुरीचा उतार काढताना, म्हणजे पातं धारेकडे घासून पातळ करताना, ठिणग्या उडतात आणि भुवया जळतात. आम्ही बाकीचे कपाळाला ओलं फडकं बांधायचो. भिवाजी भुवयांना लोणी लावायचा. दुपारपर्यंत ते वितळून गालावर यायचं आणि बाजारातली निम्मी मांजरं त्याच्या पायाशी बसून वर बघत राहायची. तो कामावरून उठला की तीही उठायची. पुढे भिवाजी आणि मागे मांजरं असा लवाजमा देवासच्या बाजारातून निघाला की लोक हसत बाजूला व्हायचे आणि वाट करून द्यायचे. मला कधी कोणी वाट करून दिल्याचं आठवत नाही. म्हणजे बघा, हसायला म्हणून काढलेल्या गोष्टीतही मला शेवटी त्याचा हेवाच वाटला.

हेवा हाच शब्द बरोबर आहे. तो वारल्याची बातमी आली तेव्हा चार माणसं माझ्याकडे समाचाराला आली आणि म्हणाली, तुमचा इतक्या वर्षांचा मित्र गेला. मी मान हलवली. मित्र कसला, समोरचा दुकानदार होता. पण इतकी वर्षं रोज सकाळी उठून मी आधी देवाचं तोंड पाहिलं नसेल, त्याचं पाहिलं.

आमचं घराणं दरबाराबरोबर महाराष्ट्रातून माळव्यात आलेलं. काम हत्यारांचं. लढाया सरल्या तशी आमची हत्यारं स्वयंपाकघरात आली. आम्ही सुऱ्या, विळ्या, अडकित्ते करू लागलो. पण एक मान घराण्यात राहिला होता. दसऱ्याच्या आधी थोरल्या पातीच्या सरकारची पूजेची तलवार आमच्या घरी यायची. मी ती पाजळायची, खंडेनवमीच्या पूजेला ती परत जायची, आणि दरबारातून नारळ व पागोटं यायचं. बापाला मिळालं, आज्याला मिळालं, मला मिळत होतं. घरात दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं.

थोरली पाती म्हटलं ते बाहेरच्याला कळायचं नाही. देवास गाव एक, पण तिथे राज्यं दोन. थोरल्या भावाच्या वंशाचं एक, धाकट्याच्या वंशाचं एक. सरकारं दोन, कचेऱ्या दोन, आणि हद्द बाजारातल्या रस्त्याच्या मधोमध. माझं दुकान थोरल्या पातीच्या बाजूला. समोर, धाकट्या पातीच्या हद्दीत, एक रिकामी खोली होती. एका सकाळी तिथे बैलगाडी थांबली आणि गाडीतून दोन लाकडी चाकं, चामड्याचा एक लांबलचक पट्टा आणि भिवाजी असे तिघं उतरले. अंगानं तो बुटका, खांदे रुंद, मिशा विरळ. त्यानं रस्त्यापलीकडून मला हात जोडले आणि भावाला मारतात तशी माळवी हाक मारून म्हणाला, "नमस्कार भिया. आपण दोघं एकाच धंद्याचे, बरं झालं." माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथून.

माझी साण म्हणजे दगडाचं चाक. गडी दोरी ओढतो, चाक फिरतं, मी पातं हातात धरून त्यावर टेकवतो. हाताला काही आधार नसतो. उतार किती, कोन कसा, सगळं मनगटाला ठाऊक असतं. माझ्या बापानं मला लहानपणी साणेपुढे बसवलं ते मनगट तयार व्हायलाच दहा-बारा वर्षं गेली. भिवाजीचं यंत्र वेगळं होतं. त्यानं ते रेल्वेच्या कुठल्याशा कारखान्यात पाहून स्वतः बांधलं होतं. दोन चाकांवरून पट्टा फिरायचा, पट्ट्यावर सरसानं कुरुंदाची भुकटी चिकटवलेली. चाक तो स्वतः पायानं फिरवायचा. इथवर ठीक होतं. पण पट्ट्यापुढे त्यानं एक लोखंडी पाट बसवला होता, हातभरही रुंद नसेल. पातं त्या पाटावर ठेवायचं आणि पट्ट्याला लावायचं. त्याला तो टेकू म्हणायचा.

मी पहिल्याच दिवशी सगळ्या बाजारात सांगून ठेवलं की समोर एक लंगडा कारागीर आला आहे, त्याला काम करायला कुबडी लागते. लोक हसले. भिवाजीच्याही कानावर गेलं असणार. संध्याकाळी तो रस्ता ओलांडून माझ्या ओट्यावर येऊन बसला, सुपारी कातरली, अर्धी मला दिली आणि म्हणाला, "नारूभिया, तू म्हणतो ते खरंय. टेकूशिवाय आपलं काय चालत नाही." राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला राग येत नसे, ही आणखी एक गोष्ट मला कधी जमली नाही.

त्याचं काम सुरू असताना मी समोरून बघत बसायचो. बघायचं नाही असं रोज ठरवायचो. कोपरं बरगड्यांना घट्ट लावून तो उभा राहायचा आणि हात हलवायचाच नाही. पातं डावीकडून उजवीकडे न्यायचं तर कमरेतून आख्खा वळायचा. आधी धारेच्या बाजूला लोखंडी टोचणीनं मधोमध एक रेघ ओढायची, म्हणजे दोन्हीकडून घासताना कुठे थांबायचं ते कळतं. मग एकदा ही बाजू, एकदा ती बाजू. मध्ये पाण्यात बुडवायचं. लोखंड तापलं की त्याला दिलेलं कडकपणाचं पाणी उतरतं आणि सुरी मऊ पडते, म्हणून हातात तो कधी फडकं घ्यायचा नाही. बोटाला चटका बसला की पातं पाण्यात. आणि तोंडानं सारखं पुटपुटायचा, "टेकू जवळ, बोटं लांब, तोंड बंद." तोंड बंद असं म्हणताना तोंड उघडंच असतं हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही. मी ते सांगितलं नाही.

एक दिवस त्यानं मला हाक मारली. "ये ना भिया, बघ तरी एकदा बसून." बाजारात चार माणसं होती, नाही म्हटलं असतं तर घाबरला म्हणाले असते. मी गेलो. त्याचा टेकू पट्ट्याला इतका चिकटून होता की मधे बोरूचं टोकसुद्धा शिरलं नसतं. मला अडचण वाटली. मी पिढीजात कारागीर, मला कोण सांगणार. मी खीळ ढिली केली आणि टेकू चांगला दोन बोटं मागे ओढला. भिवाजी म्हणाला, "भिया, जवळ राहू दे." मी पातं लावलं. पट्ट्यानं ते हातातून हिसकलं, त्या फटीत खाली ओढलं, आणि मला कळायच्या आत ते माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या लाकडी खांबात रुतलं. थरथरत होतं.

कोणी हसलं नाही. भिवाजीनं माझी बोटं एकेक करून पाहिली, सगळी जागेवर आहेत अशी खात्री केली आणि पाणी दिलं. ते पातं त्यानं खांबातून उपटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून त्या पात्यावर अडकवलं. त्याला तिथे खुंटी हवीच होती म्हणे. त्यात त्याचा काही कावा नव्हता हे मला आज कळतं आणि तेव्हाही कळत होतं. पण पुढे रोज सकाळी माझ्या फजितीवर पागोटं अडकवून तो कामाला लागायचा आणि मला समोर बसून ते बघावं लागायचं.

तरी सुरुवातीला गिऱ्हाईक माझंच होतं. लोकांना जुना हात हवा असतो. ते फिरलं अफूच्या दिवसांत.

माळव्यात तेव्हा खसखशीची शेतं जिकडेतिकडे. बोंडं भरली की संध्याकाळी त्यांना चिरा द्यायच्या आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यायचा. चिरा द्यायचं हत्यार म्हणजे तीन-चार बारीक पाती सुतानं एकत्र आवळलेली. चीर फक्त सालीत पडली पाहिजे. एक पातं जरा खोल गेलं की चीक आत उतरतो आणि बोंड वाया जातं. ती हत्यारं पिढ्यान् पिढ्या आमच्याकडून जात. त्या वर्षी एका गावचा पटेल दुकानात आला, आमचंच जुनं गिऱ्हाईक, आणि नवं नेलेलं हत्यार माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "भिया, थारी पाती नानी-मोटी हे. एक ऊँडी जाय ने एक ऊपर रे."

एक खोल जातं, एक वरच राहतं. मी म्हटलं, शेतात हात नीट धरत नसशील. तो तसाच उठून रस्ता ओलांडून समोर गेला. भिवाजीनं त्याला चार पाती काढून दिली. चारही एका उतारावर, एका कोनात. एकावर एक ठेवली तर वरून एकच दिसावं. टेकू जागचा हलत नाही, मग पात्याचा कोन कसा हलेल. माझं एकेक पातं सुंदर असायचं, हे आजही कोणी नाकारणार नाही. पण माझी चार पाती म्हणजे चार सख्खे भाऊ, आणि त्याची चार पाती म्हणजे एकच पातं चारदा.

ती पारखायची त्याची रीत वेगळीच होती. अंगठ्यानं धार बघायची नाही. एक पिकलेला पेरू घ्यायचा, त्यावर हलकेच हत्यार फिरवायचं, आणि फक्त साल कापली जाऊन आतला गर शाबूत राहिला की ठीक. मग तो पेरू गिऱ्हाइकाला अर्धा, स्वतःला अर्धा. कुठलं गिऱ्हाईक हे सोडून माझ्याकडे येईल? पुढच्या आठवड्यात गावोगावचे शेतकरी येऊ लागले. येताना माझ्याच दुकानापुढे थांबून विचारायचे, "भिया, वो टेकावालो काँ बेठे हे?" आणि मी बोटानं दाखवायचो. दाखवणार नाही तर काय करणार, दुकान समोर दिसत होतं.

बाहेरची माणसं गेली ते मी सोसलं. पण एके दिवशी घरी जेवायला आलो तर मंडळी नव्या विळीवर दोडकी चिरत होती. चांगली मोठी विळी, पात्याला डौलदार बाक, आणि उताराची रेघ बुडापासून थेट टोकापर्यंत कुठे न तुटता गेलेली. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"ही कुठली?"

"भिवाजीभावजींनी दिली," ती म्हणाली. "पैसे घेतच नव्हते. म्हणाले, वहिनी, नारूला सांगू नका, त्याला वाईट वाटेल."

"मग सांगितलंस कशाला?"

"तुम्ही विचारलंत म्हणून." मग दोडक्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुमची विळी मी ठेवलीय नीट. पण ती दर पंधरवड्याला बोथट होते हो."

त्या रात्री माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुकानात हा, बाजारात हा, आणि आता स्वयंपाकघरातही हाच. मी मंडळींशी पुढे कित्येक दिवस कामापुरतंच बोललो. ती विळी मात्र टाकून दे असं म्हणवलं नाही. भाजी खरोखर बारीक चिरली जायची.

मग माझ्याजवळ उरलं काय, तर ती तलवार.

त्या वर्षी थोरल्या पातीच्या दरबारात एक नवे कामदार, म्हणजे कारभारी, आले होते. त्यांना यंत्रांचं भारी वेड. दसरा जवळ आला तशी बाजारात कुजबुज सुरू झाली की यंदा सरकारची तलवार समोर जाणार, पट्ट्याच्या यंत्रावर. मी हसून उडवून लावलं. थोरल्या पातीची तलवार हद्द ओलांडून धाकट्या पातीत जाईल कशी? पण मला झोप लागेना. बापाच्या वेळचं पागोटं पेटीत होतं, ते काढून मी बघत बसायचो. दुकान गेलं तरी चालेल, पोट कसंही भरेन, पण ही तलवार समोर गेली तर मी या गावात तोंड दाखवणार नाही, असं मी मंडळींना म्हटलं. ती म्हणाली, "जाऊन एकदा भावजींशी बोला." मी म्हटलं, मेलो तरी जाणार नाही.

एका सकाळी कामदार आलेच. मागे शिपाई, शिपायाच्या हातात लाल कापडात गुंडाळलेली ती तलवार. माझ्या दुकानापुढून गेले, माझ्याकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडला. आख्खा बाजार थांबला होता. मी दोरी ओढणाऱ्या गड्याला खुणेनं थांबवलं, कारण मला समोरचं ऐकायचं होतं.

भिवाजीनं हात पुसले, तलवार दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. कापड सोडलं. एक डोळा मिटून ती मुठीपासून टोकापर्यंत पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पुन्हा गुंडाळली आणि परत केली.

"सरकार, हे माझ्यानं व्हायचं नाही," तो म्हणाला. "तलवारीला बाक असतो. माझ्या टेकूवर बाक बसत नाही. मी पडलो टेकूवाला. बिघडून बसेल."

"मग कोण करील?" कामदारांनी विचारलं.

"समोर जा. तिथं हात आहे."

कामदार परत हद्द ओलांडून माझ्याकडे आले. त्या वर्षी मी ती तलवार अशी पाजळली की दरबारात वाहवा झाली. पागोटं आलं, नारळ आला. आणि त्याहून मोठी गोष्ट मला मिळाली. भिवाजीला काय येत नाही ते मला कळलं. तेही त्याच्याच तोंडून, भर बाजारात.

पुढची सगळी वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. अफूची हत्यारं त्याची, अडकित्ते त्याचे, विळ्या त्याच्या, असू देत. टेकू काढून घेतला तर भिवाजी कोण? मी त्याला तोंडावर चिडवायचो. "काय टेकूवाले, बाक जमला का?" तो हसायचा आणि म्हणायचा, "ते तुझं, भिया. ते आपल्याला कुठलं जमतंय." संध्याकाळी ओट्यावर बसून तो माझ्या साणेचा आवाज कसा होता ते सांगायचा. आज चाक जरा डुगडुगतं होतं, दुपारी गडी दमला होता. बरोबरच असायचं. मला वाटायचं, स्वतःला येत नाही म्हणून बिचारा कान लावून ऐकतो. मला त्याची थोडी कीवसुद्धा येऊ लागली होती. कीव करणं हेव्यापेक्षा फार सुखाचं असतं.

त्याची बायको वारली आणि गुडघे गेले. चाक पायानं फिरवता येईना. मुलगा नव्हता. एकुलती मुलगी कुक्षीला दिलेली, जावई लोहारकाम करायचा, तिथे जायचं ठरलं. यंत्र त्यानं विकून टाकलं. जायच्या दिवशी बैलगाडीत ट्रंक चढवून तो खांबाजवळ गेला आणि पात्यावरचं पागोटं काढून डोक्यावर ठेवलं. मी म्हटलं, ते पातं उपटून ने, चांगलं लोखंड आहे. तो म्हणाला, "राहू दे तिथंच. तुझं आहे ते." मांजरं वेशीपर्यंत गाडीमागे गेली आणि परत आली.

समोरचं दुकान बंद झालं. मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. गिऱ्हाईक काही परत आलं नाही, ते सुरतेकडून आलेल्या तयार मालाकडे गेलं. संध्याकाळी ओट्यावर बसलो की सुपारी अख्खी मलाच खावी लागायची.

काही वर्षांनी धारला बहिणीकडे गेलो. मेहुणे तिथल्या दरबारात शिलेखान्यावर, शस्त्रांच्या कोठारावर, होते. त्यांनी कौतुकानं एक तलवार आणून दाखवली. मी ती उजेडात धरली आणि दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. बाकावरून उताराची रेघ अशी गेली होती की कुठे हात थांबला, कुठे पुन्हा सुरू झाला, ते शोधून सापडेना. माझ्या बापालाही हे असं साधलं नव्हतं. मला तर नाहीच.

"कोणी पाजळली?" मी विचारलं.

"धरमपुरीला एक म्हातारा आहे. नर्मदेच्या घाटापाशी बसतो. ठाकूरलोक लांबून त्याच्याकडे तलवारी पाठवतात." मेहुणे मग माझं तोंड बघून म्हणाले, "तुमचं काम निराळं हो. तुमचंही चांगलंच आहे."

तुमचंही. मी त्या रात्री जेवलो नाही. भिवाजी गेला तर हा कोण नवा उपटला, असं वाटत राहिलं. नर्मदेपलीकडे मंडळींच्या मामेभावाकडे लग्न होतं, मला जायचं नव्हतं, पण मी निघालो. त्या म्हाताऱ्याचा हात एकदा बघायचा होता. त्यात एखादी खोड सापडली तर झोप लागली असती.

धरमपुरीला पोचलो तेव्हा नाव सुटायला वेळ होता. घाटाच्या वर एका लोहाराच्या भट्टीशेजारी झाडाखाली दगडी साण मांडलेली होती. एक बाई दोरी ओढत होती. पुढे म्हातारा लाकडाच्या ओंडक्यावर बसला होता, माझ्याकडे पाठ, हातात लांब तलवार. टेकू नव्हता. पाट नव्हता, काहीच नव्हतं. कोपरं बरगड्यांना लावलेली, आणि तलवार मुठीपासून टोकापर्यंत एका दमात चाकावरून वाहत गेली. नर्मदेचं पाणीही इतकं सरळ वाहत नसेल. मग त्यानं ती उलटली आणि दुसऱ्या बाजूनं तितकीच सरळ परत आणली. मी अख्ख्या आयुष्यात असा हात पाहिला नव्हता.

त्याच्या पायाशी दोन मांजरं बसून वर बघत होती.

मी किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आमच्या स्वयंपाकघरातली ती विळी. तिला बाक होता. इतकी वर्षं रोज मी तिच्यावर चिरलेली भाजी खात होतो. ज्याच्या टेकूवर बाक बसत नव्हता, त्यानं तो बाक काढला कशावर?

दोरी ओढणारी बाई थांबली, तशी त्यानं मान वळवली. गालावर लोणी होतं. मला पाहिलं आणि तोंडभर हसला, आणि मग माझी नजर कुठे आहे ते त्याला दिसलं. त्यानं तलवार हळूच मांडीमागे सारली. चोरी सापडलेलं पोर लपवतं तशी.

"नारूभिया," तो म्हणाला. "तू इकडं?"

"तू कुक्षीला होतास ना?"

"जावयानं इथं भट्टी घातली. ही माझी पोरगी." त्यानं दोरी धरलेल्या बाईकडे हात केला. "काकांना पाणी दे गं."

मी त्याच्यासमोर बसलो. "टेकू कुठाय तुझा?"

तो थोडा वेळ मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"इथं आल्यावर शिकलो, भिया," तो म्हणाला. "टेकू गेला विकून, मग करतो काय. समोर बसून तुझा हात बघितला होता ना इतकी वर्षं. तेच आठवून आठवून करतो."

हे त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं. गुडघे गेलेला, सत्तरीला आलेला माणूस, आणि तो हात म्हातारपणी शिकला. मनगट तयार व्हायला किती वर्षं लागतात ते या जगात दोघांनाच नीट ठाऊक होतं आणि ते दोघं तिथे समोरासमोर बसले होते. मुलगी पाणी घेऊन आली. ती काहीतरी बोलणार होती, "बाबा तर लहानपणापास्..." एवढंच म्हणाली, आणि भिवाजी म्हणाला, "तू दोरी धर."

मी पाणी प्यालो. मला त्याच्याशी भांडायचं होतं. भर बाजारात ती तलवार माझ्या पदरात टाकलीस ती कोणाला विचारून, असं विचारायचं होतं. मी तुला चिडवत होतो तेव्हा तू मनात काय म्हणत होतास, हेही विचारायचं होतं. नावाड्यानं हाक दिली. मी उठलो.

"बरी जमलीय," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. सगळ्या आयुष्यात मी त्याच्या कामाला चांगलं म्हटलं ते तेवढंच. "तुझ्यासारखी कुठली," तो म्हणाला, आणि सुपारी कातरून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

नाव मधोमध गेल्यावर मी मागे पाहिलं. तो पुन्हा कामाला लागला होता. ऊन कललं होतं आणि त्याच्या हातातली तलवार तेवढी चमकत होती, जायची आणि यायची. ओठ हलत होते की काय ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं. तोच मला दिसलेला शेवटचा भिवाजी.

पूजेची तलवार अजून माझ्याकडे येते. माझा हात आता थोडा हलतो, पण मान घराण्याचा आहे, कोणी काढून घेत नाही. दसऱ्याच्या आधी शिपाई लाल कापडातली तलवार दारात आणतो, मंडळी तिला हळदकुंकू वाहते, आणि जमलेली माणसं म्हणतात, हात असावा तर नारायणरावांसारखा. मी हो म्हणतो. मग समोरच्या बंद दुकानाकडे पाठ करून साणेपुढे बसतो आणि दिलेलं काम करतो.